लेहरा धरणाऱ्याचे दुःख

वाचकाचे पत्र

"सप्रेम नमस्कार. मी अडुसष्ट वर्षांचा असून बँकेतून निवृत्त झालो आहे आणि नौपाड्यात राहतो. चरईत राहणारा माझा मित्र गेल्या मार्च महिन्यात, होळीनंतरच्या आठवड्यात, हृदयविकाराने गेला. पाचवीपासून आम्ही एका बाकावर बसलो. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात तो नोकरी करत असे आणि उरलेला सगळा वेळ तबला वाजवत असे. कॉलेजात असल्यापासून मी पेटीवर त्याला लेहरा, म्हणजे तबल्याला आधार देणारी एकच फिरती धून, धरत आलो. दर गुरुवारी संध्याकाळी त्याच्या घरी आमची बैठक असे; लग्ने, मुलेबाळे, माझ्या बदल्या या सगळ्यांतून ती टिकली. जवाहरबाग स्मशानभूमीत मी सगळ्यांच्या मागे उभा होतो, कारण मी घरचा नव्हतो. शोकसभेत त्याच्या वादनाबद्दल सगळे बोलले. लेहऱ्याबद्दल कोणी एक शब्दही काढला नाही. त्याचे मला वाईट वाटले आणि वाईट वाटले याची लाज वाटते. तेव्हापासून मी पेटी उघडलेली नाही. आता त्यांची इमारत पुनर्विकासासाठी जानेवारीअखेर रिकामी करायची आहे. वहिनी म्हणतात, 'भावोजी, तबल्याचे दोन्ही जोड आणि कॅसेटची खोकी तुम्हीच घेऊन जा.' त्यांचा मुलगा वर्षश्राद्धाच्या सुमारास मोठे सभागृह घेऊन, नामवंत कलाकार बोलावून वडिलांच्या नावाने मैफल करू म्हणतो आणि मी हो म्हणावे अशी त्याची अपेक्षा आहे. मित्राकडे तबला शिकणारा एक मुलगा विशारद या संगीत परीक्षेसाठी मी त्याला लेहरा द्यावा, असे सांगायला दोनदा येऊन गेला. मनगट दुखते असे सांगून मी त्याला परत पाठवले. मनगट दुखत नाही. तो लेहरा दुसऱ्या कोणासाठी वाजवणे मला नको वाटते. मी काय करावे?"

ठाण्यातील एक वाचक

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुम्ही विचारलेल्या प्रश्नांकडे वळण्यापूर्वी 'मी घरचा नव्हतो' या तुमच्या वाक्याबद्दल मला बोलायचे आहे. आपल्याकडे सुतकाचे दिवस नात्याच्या अंतरावरून ठरतात. सोयर आणि सुतक ही दोन्ही रक्ताच्या आणि गोत्राच्या हिशेबाने पाळली जातात आणि त्या हिशेबात मित्राला जागा नाही. घरच्यांसाठी दहावे, तेरावे, मासिक असे टप्पे ठरलेले असतात, त्या त्या दिवशी माणसे येतात, बसतात, गेलेल्या माणसाच्या आठवणी काढतात आणि बोलता बोलता घरच्यांचे मन थोडेतरी मोकळे होते. मित्र गेला की माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे दूध आणायला बाहेर पडतो आणि वाटेत भेटणाऱ्या कोणालाही त्याचे सांत्वन करावे असे वाटत नाही, कारण त्याच्या घरात काही घडलेले नसते. तुमच्या वाट्याला यातला एकही दिवस आला नाही. वाट्याला आला तो दर आठवड्याला येणारा रिकामा गुरुवार. आठ महिने उलटूनही तुमचे दुःख जसेच्या तसे राहिले आहे, त्याचे एक कारण हे आहे असे मला वाटते. ज्या परंपरेने मित्राला सुतक दिले नाही, त्याच परंपरेत पितृपक्षातल्या महालय श्राद्धात पितरांच्या नामावलीनंतर गुरू, शिष्य, आप्त आणि सखा यांचीही नावे घेतली जातात. श्राद्धावर तुमचा विश्वास आहे की नाही हे मला ठाऊक नाही आणि तो असलाच पाहिजे असेही मी म्हणत नाही. परंतु सख्याचे स्मरण करण्याचा अधिकार घरच्यांकडून मागून घ्यावा लागत नाही, हे आपल्या पूर्वजांनाही मान्य होते, एवढे लक्षात असू द्या.

शोकसभेबद्दल तुम्ही जे लिहिले आहे, त्यात लाज वाटण्यासारखे मला काही दिसत नाही. ज्या वाचकांनी स्वतंत्र तबलावादन जवळून ऐकलेले नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. तबलावादक पेशकारापासून सुरुवात करून कायदे, रेले, गती, तुकडे, चक्रदार अशा एकेका रचनाप्रकारातून विस्तार करत जातो, तेव्हा त्याच्या शेजारी बसलेला पेटीवादक किंवा सारंगीवादक तालाच्या एका फेरीची, म्हणजे आवर्तनाची, एकच धून, तीनताल असेल तर सोळा मात्रांची, न थांबता वाजवत असतो. तबलावादक दुपटीत जातो, आडलयीत शिरतो, समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येण्याचे टाळून पुढच्या आवर्तनात निघून जातो आणि कितीही लांब गेला तरी आपण सोळांपैकी नेमके कोठे आहोत, हे त्याला त्या धुनेवरून कळत असते. ऐकणाऱ्यांचे कान थोड्या वेळाने लेहऱ्याला सरावतात आणि मग तो त्यांना ऐकू येईनासा होतो. लेहरा जितका पक्का, तितके त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. लक्ष जाते ते तो ढळल्यावर. तुमचा लेहरा सभेत कोणाला आठवला नाही, याचा अर्थ इतक्या वर्षांत तो ढळला नाही असा मी घेते.

तरीही तुम्हाला जे लागले, त्याचे मूळ नाव न घेतले जाण्यात आहे असे मला वाटत नाही. सभेत प्रत्येकाने एकट्याने वाजवणाऱ्या माणसाचे वर्णन केले आणि तसा माणूस तुम्ही कधी पाहिलेलाच नव्हता. त्याची लय कोणत्या वळणावर चढू लागते, कोणत्या कायद्याचे पलटे करताना त्याचा डावा हात मागे पडतो, कोणती तिहाई (तीनदा घेऊन समेवर आणायचा बोल) त्याने वर्षानुवर्षे घोटली आणि तरीही चार लोकांसमोर घ्यायला तो का बिचकत असे, हे तुम्हाला ठाऊक आहे. हे त्याच्या घरच्यांनाही ठाऊक असण्याचा संभव कमी आहे, कारण घरची माणसे स्वयंपाकघरात आणि आतल्या खोलीत होती आणि तुम्ही त्याच्यापासून हातभर अंतरावर बसलेले होता. त्या सभेत उभे राहिलेले तुमच्या मित्राचे चित्र अर्धे होते. ते अर्धे आहे हे ओळखणारे त्या सभागृहात तुम्ही एकटेच होता आणि तुम्ही गप्प बसलात. तुमच्या पुढच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे मी येथूनच शोधणार आहे: तुमच्या मित्राच्या संगीताबद्दल जे फक्त तुम्हाला माहीत आहे, ते तुम्ही गप्प राहिलात तर कोणालाच माहीत राहणार नाही.

सभागृहातल्या मैफलीविषयी माझे मत स्पष्ट आहे आणि ते मी थोडक्यात सांगते. ठाण्यात राहिलेल्या संगीतभूषण पं. राम मराठे (१९२४–१९८९) यांच्या स्मरणार्थ ठाणे महानगरपालिका संगीत समारोह भरवत आली आहे. ज्या कलावंताने रंगभूमी आणि मैफल दोन्ही गाजवल्या, त्याचे स्मरण तशा मंचावर होणे योग्यच आहे. तुमचा मित्र हौशी वादक होता आणि त्याचे सारे ऐकणारे एका दिवाणखान्यात मावत होते. नामवंत कलाकार आला, तर तो स्वतःचे उत्तम संगीत वाजवून जाईल, लोक त्याला ऐकायला येतील, आणि तुमच्या मित्राच्या वाट्याला मागच्या फलकावरचा फोटो आणि सूत्रसंचालकाची चार वाक्ये येतील. हे मुलाला सांगा, मात्र सांगताना एक गोष्ट विसरू नका. मुलालाही वडिलांसाठी काहीतरी करायचे आहे आणि काय करावे हे त्याला सुचत नाही, म्हणून त्याला सभागृह सुचले आहे. गुरुवारी घरातला टीव्ही बंद ठेवावा लागत असलेला, परीक्षेच्या दिवसांतही शेजारच्या खोलीतला तबला ऐकत अभ्यास केलेला तो मुलगा आहे. त्याला केवळ नकार देऊन परतू नका. पुढे कॅसेटबद्दल जे लिहिणार आहे, त्यातले बरेचसे काम तुमच्यापेक्षा त्याला चांगले जमेल. ते त्याच्यावर सोपवा.

तत्पूर्वी पेटी. पेटी उघडणे आणि पेटी वाजवणे या दोन गोष्टी तुम्ही एक समजत आहात. मी त्या वेगळ्या ठेवते. मार्चमध्ये मिटलेली तुमची पेटी ठाण्याचा अख्खा पावसाळा बंद राहिली आहे. नौपाडा, चरईच्या जुन्या इमारतींत जून ते सप्टेंबर कपाटातल्या कपड्यांनाही ओलीचा वास लागतो. अशा हवेत बंद राहिलेल्या पेटीच्या पट्ट्या फुगून अडकतात, भात्याच्या घड्यांवर बुरशी धरते, पितळी सुरांवर (आवाज देणाऱ्या पात्यांवर) हिरवट थर चढतो आणि आतल्या कापडाला व चामड्याला कसर लागते. आता हवा कोरडी झाली आहे. पेटी खोक्यातून बाहेर काढून दोन दिवस सावलीत, वारा लागेल अशा जागी ठेवा. उन्हात ठेवू नका, सांधे उकलतात. मऊ ब्रशने धूळ काढा, भाता हलक्या हाताने भरा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक पट्टी एकदा दाबून सोडा. एखादी पट्टी मुकी झाली आहे का, सोडल्यावरही एखादा सूर लागून राहतो का, भाता न हलवता हवा किती वेळ टिकते, हे पाहा. सूर स्वतः खरवडू नका, ते काम पेटी दुरुस्त करणाऱ्या कारागिराचे आहे. एवढे झाले की पेटी पुसून मिटून ठेवली तरी चालेल. हात आपोआप लेहऱ्याकडे गेले तर जाऊ द्या. न गेले तर त्या दिवशी त्यांना नेऊ नका. इतकी वर्षे ज्या वाद्याने तुम्हा दोघांची साथ केली, ते केवळ तुमच्याने बघवत नाही म्हणून कुजून जावे, हे तुमच्या मित्राला आवडले नसते, असे मला वाटते.

कॅसेटच्या खोक्यांविषयी मात्र मी तुम्हाला घाई करायला सांगणार आहे. तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेख जाता जाता आला आहे, परंतु माझ्या मते सगळ्यात मोलाची आणि सगळ्यात लवकर नष्ट होणारी वस्तू तीच आहे. प्रथम प्रत्येक कॅसेटच्या वरच्या कडेला असलेल्या दोन छोट्या खिट्या मोडलेल्या आहेत का, ते पाहा. नसतील तर मोडून टाका, म्हणजे चुकून कोणी त्यावर दुसरे काही ध्वनिमुद्रित करू शकणार नाही. नंतर काचेतून फितीच्या गुंडाळीकडे नीट पाहा. कडेला पांढरी भुकटी किंवा जाळीसारखी बुरशी दिसली, तर ती कॅसेट घरच्या टेपरेकॉर्डरमध्ये मुळीच लावू नका, कारण तिची बुरशी यंत्राच्या हेडला (फीत वाचणाऱ्या भागाला) लागून पुढच्या प्रत्येक कॅसेटला जाईल; अशा कॅसेट वेगळ्या काढून जाणकाराकडे द्या. उरलेल्यांपैकी साठ मिनिटांच्या कॅसेट आधी घ्या. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची फीत पातळ असते आणि जुन्या यंत्रात ती ताणली किंवा अडकली जाण्याची भीती अधिक असते, तेव्हा यंत्र नीट चालते याची खात्री झाल्यावरच त्यांना हात लावा. वाजवण्यापूर्वी प्रत्येक कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा सुरुवातीपर्यंत मागे न्या, म्हणजे वर्षानुवर्षे एकाच जागी बसलेली गुंडाळी सैल होऊन सारखी होते. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने मधूनमधून पुसत राहा. संगणकावर घेताना वेव्ह स्वरूपात, २४ बिटमध्ये घ्या. ऐकण्यासाठी हलकी एमपी३ प्रत नंतर करता येते, पण उलटे करता येत नाही. खरखर काढून टाकण्याचा मोह मूळ प्रतीवर करू नका. ही सगळी कामे मुलगा करू शकेल.

यातले एक काम मात्र तुमच्याशिवाय होणार नाही. कॅसेटची फीत सेकंदाला साधारण पावणेपाच सेंटिमीटर या वेगाने सरकणे अपेक्षित असते, परंतु जुन्या यंत्राचा रबरी पट्टा सैल झाला की वेग घसरतो आणि त्याबरोबर सूरही उतरतो व लयही मंदावते. तुमच्या मित्राची लय कोणती होती, हे अशा प्रतीवरून कधीच नेमके कळणार नाही. पण त्या प्रत्येक ध्वनिमुद्रणात तुमची पेटी वाजते आहे आणि ती पेटी आजही तुमच्या घरात आहे. पेटीचे पितळी सूर सहसा वर्षानुवर्षे आपली जागा सोडत नाहीत. मधल्या काळात तुम्ही ते जुळवून घेतले असतील, तर तेवढा फरक ध्यानात ठेवा. ध्वनिमुद्रणातला षड्ज (सा) आणि समोरच्या पेटीचा षड्ज जुळेपर्यंत संगणकावर वेग बदलत गेलात, तर तुमच्या मित्राचा तबला त्याच्या मूळ लयीत आणि मूळ स्वरात परत येईल. त्यासाठी एक पट्टी धरून बसावे लागेल, इतकेच.

मग याद्या. प्रत्येक कॅसेटवर वर्ष, ताल, लेहऱ्याचा राग, त्या दिवशी कोण कोण आले होते, मध्येच बोलणारा आवाज कोणाचा आहे, हे सगळे लिहून काढा. आज हे सांगू शकणारे तुम्ही आहात. आणखी दहा-पंधरा वर्षांनी ही खोकी कोणाच्या हाती पडली, तर त्याच्यासाठी त्या केवळ तबल्याच्या कॅसेट असतील. आणि ध्वनिमुद्रण कापून 'चांगले तेवढे' ठेवू नका. हातोडीने तबल्याचे लाकडी गठ्ठे ठोकून स्वर लावण्याचा आवाज, न बसलेला तुकडा पुन्हा घेण्याआधीचे पुटपुटणे, चहा आल्याचे वहिनींचे बोलणे, हे सगळे मूळ प्रतीत राहू द्या. निवडक भागांची वेगळी प्रत करायला हरकत नाही. एक संच तुमच्याकडे, एक मुलाकडे आणि एक वहिनींकडे असावा. वहिनींचा संच त्यांना ऐकता येईल अशा रीतीने, मोबाइलवर किंवा छोट्या ध्वनिपेटीवर, लावून द्या, पण त्यांनी तो कधी ऐकावा हे त्यांच्यावर सोडा.

आता तबला. वहिनींनी 'घेऊन जा' म्हटले आहे ते घर रिकामे करण्याच्या धावपळीत, खोक्यांच्या गराड्यात म्हटले असण्याची शक्यता आहे. म्हणून दोन्ही जोड लगेच उचलून आणू नका. मुलगा घरी असेल अशा वेळी जा, वाद्ये त्यांच्यासमोर गवसणीतून काढा आणि कोणता जोड कोठून आणलेला, कोणत्या पट्टीचा, त्याच्या जवळचा कोणता, हे त्यांना सांगा. कदाचित हे त्या पहिल्यांदाच ऐकतील. त्यानंतर एक जोड काही काळ तुमच्याकडे राहावा आणि दुसरा घरात, असे सुचवा. नव्या घरात जाईपर्यंत भाड्याच्या जागेत अडचण होणार असेल, तर दोन्ही तुमच्याकडे ठेवून घ्या, पण ठेव म्हणून. दोन वर्षांनी त्या काय म्हणतील हे आज त्यांनाही सांगता येणार नाही. काचेच्या कपाटात मांडून ठेवण्याचा विचार कोणी काढला, तर मोडता घाला. पुडी बकऱ्याच्या कातड्याची असते. तिच्यावर हात पडत नसेल, तर दमट हवेत ती उतरते, मधली काळी शाई सुटू लागते, आणि झुरळे-उंदीर ताण देणारी चामड्याची वादी कुरतडतात. वाजणारा तबला टिकतो. कोणीतरी वाजवणारा त्याला लागतो, आणि असा एक मुलगा तुमच्या दारात दोनदा येऊन गेला आहे.

त्या मुलाविषयीचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तोच तुम्हाला सगळ्यात जड जातो आहे. लेहऱ्यासाठी आज कोणाच्या दारात जावे लागत नाही. मोबाइलवर लेहऱ्याची अ‍ॅप्स सहज मिळतात. ताल, राग, पट्टी आणि लय निवडली की तासन्‌तास न थकता, न चुकता लेहरा वाजत राहतो, आणि विशारदची तयारी करणाऱ्या मुलाला ते माहीत नाही असे होणार नाही. तरीही तो तुमच्याकडे आला आणि एकदा परत पाठवल्यावर पुन्हा आला. परीक्षेपुरताच लेहरा हवा असता, तर तो पुन्हा आला नसता. त्याचेही गुरू मार्चमध्येच गेले आहेत, त्यालाही कोणी सुतक दिलेले नाही, आणि ज्या लेहऱ्यावर त्याने गुरूंना वाजवताना ऐकले, तो लेहरा ज्याच्या हातात आहे अशा एकमेव माणसाकडे तो आला आहे. तुमच्यासारखेच दुःख असलेला दुसरा माणूस शोधायचा झाला, तर माझ्या मते तो हाच आहे.

तुम्ही नकार का दिला, हे मला कळते. तो लेहरा दोघांचा होता आणि दुसऱ्यासाठी वाजवला तर मित्राची जागा दुसऱ्याला दिल्यासारखे होईल, असे तुम्हाला वाटते. ही भीती मनात कशी येते ते मी समजू शकते, पण ती खरी आहे का, हे तपासण्यासाठी तबल्याच्या परंपरेकडे पाहा. स्वतंत्र वादनात वादक बंदिश वाजवण्याआधी तिची पढंत करतो, म्हणजे तिचे बोल तोंडाने म्हणतो, आणि ती कोणाची आहे हे सांगतो. फरुखाबाद घराण्याचे हाजी विलायत अली खाँ एकोणिसाव्या शतकात होऊन गेले. त्यांच्या गती आजही त्यांचे नाव घेऊनच वाजवल्या जातात. ठाण्यातच राहिलेल्या पं. सुरेश तथा भाई गायतोंडे यांना तुम्ही दोघांनी ऐकले असेल. त्यांच्या हातातून त्यांचे गुरू उस्ताद अहमदजान थिरकवा यांच्याकडची विद्या ऐकायला मिळे. बंदिश वाजवणारा बदलला म्हणून ज्याची ती बंदिश, त्याचे नाव मागे पडत नाही. कोणी वाजवलीच नाही तरच ते मागे पडते. तो मुलगा ज्या परीक्षेला बसणार असेल, ती घेणाऱ्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचे कार्यालय आपल्याजवळ वाशीला आहे; त्या मंडळाची स्थापनाही पं. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या निधनानंतर, त्याच १९३१ साली, त्यांच्या शिष्यांनी केली. गुरू गेल्यावर शिष्यांनी शिकवण्याची आणि परीक्षांची एक व्यवस्था उभी केली आणि तिच्यातून आजवर असंख्य मुले शिकली.

तुमच्या मित्राच्या बोलांच्या वह्या घरात असतीलच. त्या वहिनींकडून मागून घ्या आणि त्या मुलाबरोबर बसून वाचा, कारण वहीत बोल असतात, पण बोलाचे वजन, कोठे दाबून घ्यायचे, कोणत्या अक्षरावर थांबल्यासारखे करून पुढे जायचे, ते वहीत नसते. ते तुम्ही ऐकलेले आहे. मित्राने स्वतः बांधलेले तुकडे किंवा तिहाया असतील, तर त्या वेगळ्या काढून नीट लिपीबद्ध करा आणि त्या मुलाने जेथे वाजवायच्या असतील तेथे त्या कोणाच्या आहेत हे मोठ्याने सांगून मगच वाजवाव्यात, एवढी अट त्याला घाला. अशी अट घालण्याचा अधिकार तुम्हाला आहे.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवते, म्हणजे पहिल्या दिवशी तुमची निराशा होणार नाही. त्या मुलाची लय वेगळी असेल. तो घाई करील, समेच्या आधी येईल, तुमच्या मित्राने जेथे लय हळूच उचलली असती तेथे तो सरळ निघून जाईल, आणि तुमचे हात सवयीने ज्या वळणाची वाट पाहतील ते वळण येणार नाही. त्या क्षणी 'सर असे वाजवत नसत' असे म्हणण्याची इच्छा अनावर होईल. ते वाक्य त्याच्या वादनाच्या मध्ये म्हणू नका. वाजवणे संपल्यावर, सर कसे वाजवत असत ते तोंडाने म्हणून दाखवा. त्या दोहोंत फार अंतर आहे. पहिले ऐकून तो मुलगा आक्रसून जाईल, दुसरे ऐकून तो वही उघडेल. वाजवताना रडू आले तर लेहरा थांबवून उठा. त्याला त्याचे नवल वाटणार नाही.

मनगटाचेही त्याला खरे सांगा. एका वाक्यात सांगितले तरी पुरे: दुखत नव्हते, वाजवावेसे वाटत नव्हते. आणि पुन्हा बोलावताना त्याला गुरुवार देऊ नका. गुरुवारची संध्याकाळ सध्या कॅसेटसाठी ठेवा, मित्राच्या मुलाबरोबर किंवा एकट्याने. त्या शिष्याला मंगळवार किंवा रविवार सकाळ, जी वेळ त्याच्या अभ्यासाला सोयीची असेल, ती द्या. सभागृहाऐवजी त्याचे पहिले वादन चरईच्या त्याच खोलीत, इमारत रिकामी होण्याआधी, वहिनी हो म्हणाल्या तर त्यांच्यासमोर व्हावे, असे मुलाला सुचवून पाहा. वहिनी नको म्हणाल्या तर त्यांना आग्रह करू नका. मग ते नौपाड्यात तुमच्या घरी होऊ द्या. जानेवारी जवळ आला आहे, तेव्हा पहिला फोन आजच मुलाला करा आणि कॅसेटची खोकी सामानाच्या ट्रकमध्ये चढवू नका, असे त्याला सांगा.